मनाचे खाणे आणि उतरलेल्या वजनाचे टिकणे

२०१८-१९ च्या सुमारास महाराष्ट्रात आहाराविषयी जो वाद घरोघर माजला त्याची नोंद आपल्या सामाजिक इतिहासाच्या दप्तरात व्हावयास हवी. कारण स्वयंपाकघराचा उंबरठा सहसा न ओलांडणारा विषय लग्नाच्या पंगतीपासून कचेरीतल्या मधल्या सुट्टीपर्यंत सर्वत्र चर्चिला जावा, आणि सुशिक्षित माणसांनी त्यात दोन तट करून उभे राहावे, असे आपल्याकडे क्वचितच घडले आहे. एका बाजूस डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा दिवसातून दोनच वेळा, तेही ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याचा आग्रह होता. दुसऱ्या बाजूस ऋजुता दिवेकर यांचा, दर दोन तासांनी थोडे थोडे, आपल्या मातीतले, तूप-भाताची धास्ती न बाळगता खाण्याचा उपदेश होता. दीक्षितांनी आपल्या मताचे ऋण नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकर (१९५४–२००४) यांच्याकडे मोकळ्या मनाने मान्य केले असल्यामुळे विदर्भाला त्या वादात थोडी घरची आपुलकीही वाटली. दोघांनीही लोकांचे हितच केले असे माझे मत आहे: एकाने अखंड चरत राहण्याच्या सवयीला लगाम घातला, दुसरीने परदेशी पाकिटांपुढे लाजणाऱ्या भाकरीला तिची प्रतिष्ठा परत दिली.

परंतु किती वेळा खावे या प्रश्नाच्या धुराळ्यात त्याहून मूलभूत असा एक प्रश्न मागे राहिला. कधी खावे, काय खावे, किती खावे हे ज्याला पुरते ठाऊक आहे, असा माणूस रात्री अकरा वाजता, पोट भरलेले असताना, डब्यातला चिवडा का संपवतो? आणि ज्याने निर्धाराने दहा किलो वजन उतरवले, त्याच्या अंगावर ते दोन-तीन वर्षांत पुन्हा का चढते? हे दोन प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. त्यांवर गेल्या पाऊणशे वर्षांत जगात जे संशोधन झाले त्याचा आढावा मुंबई-पुण्याच्या व्यायामशाळांतून घेण्याऐवजी बाळापुरासारख्या वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी उभे राहून घ्यावा असे मला वाटते, कारण अन्न आणि मन यांचे नाते तेथे अद्याप उघड्यावर, सर्वांच्या देखत वावरते.

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा, १७५७ साली नबाब इस्माईलखानाने पुरा केलेला किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगाची छत्री यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात मूल जन्मले की पेढे वाटतात, नवस फेडला की रोडगे आणि वांग्याची भाजी यांची पंगत बसते, पोळ्याला पुरण शिजते, रमजानच्या संध्याकाळी शेजाऱ्याकडे फळांचे ताट जाते, आणि ज्या घरात मृत्यू झाला तेथे चूल पेटत नाही म्हणून आप्तस्वकीय कडू घास घेऊन येतात. शेगावी गजानन महाराजांचे दर्शन घेऊन परतणाऱ्याच्या पिशवीत प्रसादाच्या पुडीशेजारी कचोऱ्यांचा पुडा असतो. ‘घ्या न जी, एकच घ्या’ असे म्हणत पाहुण्याच्या पानात वाढलेल्या पोळीला नकार देणे हा येथे आहारशास्त्राचा नव्हे तर स्नेहाचा अव्हेर ठरतो. हर्ष, शोक, कृतज्ञता, क्षमायाचना या सर्वांची वहिवाट अन्नाच्या वाटेने चालते, आणि ज्या पाश्चात्त्य ग्रंथांत भावनेपोटी खाणे हा सरसकट विकार म्हणून वर्णिला आहे, त्यांच्या लेखकांनी असा कडू घास कधी खाल्ला नसावा. शोकात चार माणसांनी आणलेले पिठले खाणारा माणूस आजारी नव्हे. बिघाड सुरू होतो तो चार माणसे उठून गेल्यावर. भावना राहते, सोबत राहत नाही, आणि सोबतीची जागा अन्न एकट्याने भरून काढू लागते.

उपासाने हा तिढा सुटेल अशी समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे, आणि ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण तितकीच जुनी आहे. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, भगर आणि वर राजगिऱ्याचा लाडू असा उपास पुण्यप्रद असेल, पण तो वजन उतरवण्याच्या कामाचा नाही. रमजानचा उपवास याहून कितीतरी कठोर. तरी त्यावर जगभर झालेल्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष असे, की महिन्याभरात सरासरी एक-सव्वा किलो वजन कमी होते आणि त्यातले बरेचसे पुढच्या काही आठवड्यांत परत येते. धर्माने उपवास सांगितला तो संयमाच्या शिक्षणासाठी. त्याच्यावर वजनकाट्याची जबाबदारी लादणे त्या उपवासावरही अन्यायाचे आहे.

आपल्या परंपरेत या विषयाचा विचार झालाच नाही असे मात्र नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश यांची चर्चा आहे. स्थौल्याच्या कारणांत अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांच्या बरोबरीने नित्य हर्ष, चिंतेचा अभाव आणि बीजस्वभाव म्हणजे आनुवंशिक प्रकृती यांची गणना केलेली आहे. देहाच्या आकाराला मनाची अवस्था आणि आईबापांचा वारसा कारण होतो, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा तो ग्रंथ पाहून मन आदराने भरून येते. त्याच अध्यायात स्थूलाचा उपचार कृशाच्या उपचाराहून अवघड म्हटला आहे, तो निर्वाळाही काळाने खरा ठरवला. परंतु स्थूलाला जागरण आणि चिंतन क्रमाक्रमाने वाढवावयास सांगणारा तेथील उपचार आज स्वीकारता येणार नाही. चरकाच्या समोरचा स्थूल मनुष्य बहुधा सुखवस्तू, निश्चिंत आणि लोडाला टेकलेला असेल. आजचा स्थूल मनुष्य कर्जाच्या हप्त्याने, मुलाच्या प्रवेशपरीक्षेने किंवा कपाशीच्या भावाने रात्र रात्र जागा असतो. त्याला आणखी चिंता सांगण्याचे कारण नाही.

पश्चिमेकडे या प्रश्नाचा मानसशास्त्रीय विचार विसाव्या शतकाच्या मध्यावर हिल्डे ब्रुख या विदुषीने नेटाने मांडला. ज्या बालकाच्या प्रत्येक रडण्याला अन्नानेच उत्तर मिळते, त्याला पुढे भूक, भीती, कंटाळा आणि एकटेपणा यांतली तफावत ओळखता येत नाही, आणि प्रत्येक अस्वस्थतेचे निवारण ते खाऊन करू पाहते, असे तिचे प्रतिपादन. त्यानंतर आलेल्या स्टॅनली शॅक्टर या मानसशास्त्रज्ञाने दोष आतल्या भावनेपेक्षा बाहेरच्या निमित्तांवर, म्हणजे पदार्थाच्या दर्शनावर, वासावर आणि घड्याळावर टाकला. दोघांच्याही मतांत तथ्य आहे, हे कोणत्याही बसस्थानकासमोरच्या कढईजवळ उभे राहिले तरी पटते.

खरा धक्का दिला तो १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी केलेल्या एका साध्या प्रयोगाने. काही तरुणींना आधी दुधाचे घट्ट गोड पेय प्यावयास दिले आणि नंतर आइस्क्रीमची चव पाहण्याच्या निमित्ताने हवे तेवढे खाऊ दिले. ज्या एरवी खाण्यावर निर्बंध ठेवत नसत त्यांनी, पोटात पेय गेल्यामुळे, आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या सदैव पथ्याने राहत त्यांनी, पेय प्यायल्यावर उलट अधिक खाल्ले. नियम एकदा मोडलाच आहे, मग आजचा दिवस गेलाच, ही मनाची मखलाशी त्या प्रयोगात प्रथम मोजली गेली. या निष्कर्षाचे महत्त्व मला फार वाटते. भावनेच्या भरात खाणारा माणूस दुर्बळ असतो म्हणून त्याच्यावर अधिक कडक नियम घालावा, असे आपण समजतो. पण नियम जितका अभेद्य तितके त्याचे मोडणे सर्वनाशी, आणि दुःखाच्या दिवशी नियम मोडणे तर जवळजवळ ठरलेलेच.

त्याही आधी, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी, स्वेच्छेने आलेल्या तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला अन्न कसे पुरवावे याची तजवीज करण्यासाठी तो प्रयोग होता. त्या तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले, पण ध्यानात राहते ते त्यांच्या मनाचे वर्णन. हसतीखेळती मुले चिडखोर आणि उदास झाली, अन्नाशिवाय दुसरा विषय त्यांना सुचेना, काहीजण पाककृतींची पुस्तके तासन् तास वाचीत बसू लागले, आणि बंधन सुटल्यावर त्यांतल्या कित्येकांना पोट तुडुंब भरूनही तृप्ती लाभेना. आधी मन खचले म्हणून ते अन्नाकडे धावले नव्हते. उपासमारीने मनाला त्या दशेला आणले. आपल्या घरातली एखादी सून किंवा नोकरदार गृहस्थ महिनोन् महिने अर्धपोटी राहून एक दिवस अनावर खातो तेव्हा त्याला ‘तुझ्या मनाला ताबा नाही’ असे म्हणणाऱ्याने हा प्रयोग आठवावा.

मनावरचा ताण भूक मारतो की वाढवतो, यावरही अभ्यासकांत मतभेद होते आणि उत्तर दोन्ही बाजूंचे निघाले. अचानक कोसळलेल्या संकटात बहुसंख्य माणसांची अन्नावरची वासना उडते. ताण दीर्घकाळ, मंद विस्तवासारखा चालू राहिला तर मात्र कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले राहते आणि गोड-तुपकट पदार्थांची ओढ लागते. मेरी डालमन यांनी २००३ साली उंदरांवरील कामातून असे मांडले, की अशा अन्नाने पोटातली चरबी वाढते आणि ताणाची यंत्रणा काही काळ खरोखरच शांत होते. म्हणजे खाणाऱ्याला मिळणारा दिलासा अगदीच काल्पनिक नाही. तरीही २०१४ साली हीथर वॅग्नर, ट्रेसी मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना उदास करणारी चित्रफीत दाखवून नंतर कोणाला आवडीचा पदार्थ, कोणाला साधा पदार्थ, आणि कोणाला काहीच न देता पाहिले, तेव्हा सर्वांचे मन जवळपास सारख्याच वेळात पूर्ववत झाले. दुःख आपोआप ओसरते आणि श्रेय कचोरीला जाते.

झोपेविषयी एक आकडा येथे नोंदवतो. २००४ साली शिकागो येथे १२ तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, तेव्हा तृप्तीची वार्ता देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, भुकेचे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, आणि भूक २४ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. शेतीला रात्रीची वीज असली की ओलितासाठी पहाटेपर्यंत जागणाऱ्या शेतकऱ्याला, किंवा पारसच्या औष्णिक केंद्रात रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला आहाराचा तक्ता देण्यापूर्वी त्याची झोप विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आता वजन परत येण्याच्या प्रश्नाकडे वळतो. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचे जनुक सापडले आणि चरबी हे केवळ साठवणीचे कोठार नसून मेंदूला सतत निरोप धाडणारे इंद्रिय आहे हे कळले. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली ५० स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवले. ज्यांनी तो पार पाडला त्यांचे वजन सरासरी साडेतेरा किलो उतरले, पण वर्ष उलटून गेल्यावरही त्यांच्या रक्तातील भूकवर्धक संप्रेरके चढलेली आणि तृप्तिकारक संप्रेरके उतरलेलीच होती. उतरलेले वजन शरीर दुष्काळ समजते आणि तो भरून काढण्याची फिर्याद मेंदूकडे अहोरात्र चालू ठेवते. ट्रेसी मान यांच्याच २००७ सालच्या समीक्षणात, पथ्य करणाऱ्यांपैकी एक तृतीयांश ते दोन तृतीयांश माणसे पुढे मूळच्याहून अधिक वजनाला पोचतात असे आढळले. यात चारित्र्याचा प्रश्न कोठे येतो, ते मला दिसत नाही.

आपल्या देशात या प्रकरणाला आणखी एक पीळ आहे आणि तो प्रथम नेमकेपणाने दाखवला पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा त्यांनी जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात तेथील अर्भकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो आढळले. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि अंतरिंद्रिये, चरबी त्यांनी जवळपास राखलेली होती. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याने आपली दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचाही देहभार निर्देशांक (बीएमआय) २२.३, याज्ञिकांच्या देहात चरबी २१.२ टक्के, युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के. म्हणून भारतीयांसाठी निर्देशांकाची सावधगिरीची रेषा २३ वर आणली गेली आणि कंबरेचे माप पुरुषाला ९० व स्त्रीला ८० सेंटिमीटर ठरवले गेले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया जुन्या २५ च्या रेषेनुसारही अतिवजनाच्या आणि सुमारे १९ टक्के कृश निघाल्या. एकाच मोहल्ल्यात दोन्ही. ज्या आजीने दुष्काळात आंबील पिऊन दिवस काढले तिच्या नातीला प्रत्येक घासाचा हिशेब ठेवावयास सांगताना आपण किती थोड्या काळात किती मोठी उलथापालथ झालेल्या समाजाशी बोलतो आहोत, याचे भान पाहिजे.

मग कोणाचे वजन टिकते? अमेरिकेत १९९४ साली रीना विंग आणि जेम्स हिल यांनी एक नोंदवही उघडली, जिच्यात किमान १३.६ किलो वजन उतरवून किमान वर्षभर टिकवलेल्यांचीच नावे दाखल होतात. हजारो नोंदींतून दिसले ते असे: ही माणसे रोज सुमारे तासभर चालतात किंवा तत्सम श्रम करतात, सणावाराला आणि एरवीच्या दिवसाला खाण्याचा शिरस्ता फारसा बदलत नाहीत, वजन वारंवार पाहतात आणि एक-दोन किलो वाढताच सावध होतात. वजन उतरवण्याचे त्यांचे मार्ग मात्र नाना प्रकारचे होते. ही यशस्वी लोकांनी स्वतःहून दिलेली जबानी आहे, हे विसरू नये. तेथीलच ‘लुक अहेड’ या चाचणीत ५,१४५ मधुमेही होते. ज्यांना वर्षानुवर्षे नियमित मार्गदर्शन मिळाले त्यांतल्या निम्म्यांनी आठव्या वर्षीही मूळ वजनाच्या पाच टक्के किंवा अधिक घट राखली. याउलट ऑक्सफर्डच्या संशोधकांनी वजन टिकवण्यासाठीच रचलेला एक सुंदर मानसोपचार १५० स्त्रियांवर करून पाहिला, आणि उपचार संपल्यावर तीन वर्षांत बहुतेकांचे वजन परत आल्याचे २०१० साली प्रामाणिकपणे जाहीर केले. औषधांची कथाही याच दिशेची. सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत वजन सुमारे १५ टक्के उतरते, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातले दोन तृतीयांश परत येते. २०२५ पासून हे औषध वजन उतरवण्यासाठी आपल्या बाजारात आले आहे. ते वाईट नाही, कित्येकांना जीवदान देणारे ठरेल, पण ते रक्तदाबाच्या गोळीप्रमाणे चालू ठेवण्याचे औषध आहे, हे विकणाऱ्याने घेणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे.

या सर्वांतून माझ्यापुरता निष्कर्ष असा, की वजन उतरवणे हे काही महिन्यांचे काम आहे आणि टिकवणे हे आयुष्यभराचे, आणि आपण सगळा पैसा, सगळा उत्साह, सगळी भाषणे पहिल्या कामावर खर्च करतो. दुसऱ्या कामात माणसाला कोणी तरी सोबतीला लागते. दुःखाच्या दिवशी नियम मोडल्यावर ज्याच्याजवळ न लाजता सांगता येईल असा मनुष्य ज्याला लाभला, त्याचे दुसऱ्या दिवशीचे जेवण पुन्हा रुळावर येते.

वऱ्हाडच्या गृहिणीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण परकीय ग्रंथांत ती कोठेच नाही. घरातले सर्व जेवल्यावर ती जेवावयास बसते. तोवर पातेल्याच्या तळाशी राहिलेली भाजी, मुलाने टाकलेली अर्धी पोळी आणि उद्यापर्यंत न टिकणारे वरण हे सारे तिच्या ताटात येते. अन्न टाकणे पाप, ही तिची श्रद्धा. ती श्रद्धा थोर आहे आणि तिला आजाराचे नाव देणे अनुचित होईल. दुपारी घर रिकामे झाल्यावर चहाबरोबर खाल्लेली मूठभर शेव मात्र भुकेची नसते. दिवसभरात तिला ‘तू जेवलीस का’ असे कोणी विचारलेले नसते. अशा स्त्रीला कॅलरींचा तक्ता हाती देण्यापेक्षा घरातल्या माणसांनी तिच्याबरोबर एका पंगतीला बसावे, जेवण मोजून रांधावे आणि उरलेल्याची वाटणी सर्वांत करावी, याने अधिक काम होईल अशी माझी खात्री आहे. चालण्याचेही तसेच. अकोल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो. चालावयाचे ते उजाडताच, आणि त्याच घटकेला तिला पाणी भरावयाचे व डबे करावयाचे असतात. तो तास तिला कोणी तरी मोकळा करून दिल्याविना तिच्या आरोग्याची सारी वचने फोल आहेत.

जे थोड्या वेळात, अनावर, इतरांच्या नजरेआड, पोट दुखेपर्यंत खातात आणि नंतर स्वतःचा तिरस्कार करतात, त्यांची गोष्ट निराळी. त्या अवस्थेला २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात स्वतंत्र आजाराचे स्थान आहे, तिच्यावर मानसोपचार गुणकारी ठरतात, आणि तिला कडक पथ्याने उत्तर दिल्यास ती बळावू शकते. अशा व्यक्तीने व आप्तांनी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. केंद्र शासनाचा १४४१६ हा ‘टेलि-मानस’ दूरध्वनी मोफत आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

वऱ्हाडातल्या सर्व दवाखान्यांना आणि मधुमेह तपासणीच्या शिबिरांना माझी एकच विनंती आहे. ज्या कागदावर रुग्णाचे वजन, कंबर आणि साखर लिहिता, त्याच कागदावर झोप किती, गेल्या वर्षात घरात काय घडले, आणि जेवताना सोबत कोण असते, या तीन गोष्टींना एकेक ओळ द्या; आणि वजन उतरल्यावर रुग्णाला निरोप देण्याऐवजी पुढच्या महिन्याची तारीख द्या, ती पुढची निदान दोन वर्षे चुकू देऊ नका. याला नवे यंत्र लागत नाही, फार मोठा निधीही लागत नाही. गावातील आशाताईंना या कामाचे चार दिवसांचे शिक्षण आणि त्याचा योग्य मोबदला मिळाला तर बाळापूर तालुक्यात हे पुढच्या पोळ्याच्या आधी सुरू होऊ शकेल.